काळी चार

कात्रीबाई हे नाव त्यांना वाचकांनी दिलं होतं आणि त्यांनी ते आयुष्यभर मिरवलं होतं. चाळीस वर्षं एकाच मासिकात एकच सदर, नव्या-जुन्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणांचं परीक्षण. त्या सदरात भलेभले सोलून निघाले होते. एका सतारियाने रागाने स्वतःची सीडी परत मागितली, तर बाईंनी ती चुकांची यादी जोडून परत पाठवली. यादी दोन पानी होती आणि त्यात एकही चूक उगाच घातलेली नव्हती, हे पुढे त्या सतारियानेच कुणाजवळ तरी कबूल केलं म्हणे.

कामाची पद्धत ठरलेली. पहिल्यांदा ऐकायचं ते वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना. घडी घालता घालता हात थांबला, तर गाण्यात काहीतरी आहे असं समजायचं. दुसऱ्यांदा ऐकायचं टेबलाशी, पेन्सिल घेऊन. गायकाचा स्वर पेटीच्या कुठल्या पट्टीवर आहे ते आधी कागदाच्या कोपऱ्यात लिहायचं, मग बाकीचं. तिसऱ्यांदा त्याच गाण्याची जुनी तबकडी शेजारी लावून दोन्हींची तुलना करायची. या तिसऱ्या वेळेला घड्याळजी लागायचे, म्हणजे त्यांचे यजमान. जन्मभर भिंगाखाली घड्याळं उघडून बसलेला माणूस. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण स्टॉपवॉच हातात दिलं की मिनिटाला किती आवर्तनं होतात ते बिनचूक सांगत. तबकड्यांचा रेकॉर्ड प्लेअरही त्यांनीच सांभाळलेला. मिनिटाला बरोबर अठ्ठ्याहत्तर फेरे, त्यात उणे-अधिक काही चालायचं नाही. वेगाची खुंटी चुकूनही हलू नये म्हणून त्यांनी तिच्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब टाकून ती पक्की करून टाकली होती.

सोमवारी सकाळी खोकं आलं. थोरल्या बाईंच्या सगळ्या जुन्या तबकड्या, खरखर काढून, चार सीडींवर. थोरल्या बाई जाऊन तीस वर्षं होत आली होती, तरी गाणाऱ्यांच्या घरात अजून त्यांचं नाव घेताना लोक आवाज खाली आणत. खोक्याच्या झाकणावर त्यांचा फोटो होता आणि फोटोखाली चंदेरी अक्षरांत एक वाक्य होतं: ‘ही तान ऐकल्यावर इतरांच्या ताना पायी चालत आल्यासारख्या वाटतात.’ खाली कात्रीबाईंचं नाव.

“तुझं वाक्य चांदीत छापलंय की गं,” घड्याळजी म्हणाले.

“वाक्य चांगलंच आहे ते,” बाई म्हणाल्या. खोटा विनय त्यांना जमत नसे. आतल्या पुस्तिकेतही त्यांचाच जुना लेख होता, अठरा पानी. येणारा अंक थोरल्या बाईंवरचा विशेषांक, आणि त्यात या खोक्याचं परीक्षण कात्रीबाईच करणार, हे संपादकाने दोन महिने आधीच जाहीर केलं होतं.

पहिलं ऐकणं झालं, चादरीच्या घड्या झाल्या. दुसरं ऐकणं दुपारी सुरू झालं. प्रत्येक गाण्यासमोर बाई सवयीने पट्टी लिहीत गेल्या. पांढरी सहा. पांढरी सहा. पांढरी सहा. थोरल्या बाईंचा आवाज असा उंच, पोरसवदा, हे जगाला माहीत होतं. चौथ्या सीडीच्या शेवटी मात्र एक कधीच बाहेर न आलेली तबकडी होती, चाचणीसाठी केलेली. तिच्यात गाणं सुरू होण्याआधीची बोलाचाली तशीच राहिली होती, आणि कंपनीने ती गंमत म्हणून ठेवली होती. पानं चाळल्याचा आवाज, कुणाचं तरी खाकरणं. मग थोरल्या बाई हसत पेटीवाल्याला म्हणतात, “काळी चारच दे हं. काल वर चढवलीस आणि माझा जीव काढलास.” पेटीवाला म्हणतो, “चारच देतोय, बाई.” आणि स्वर देतो.

कात्रीबाईंनी कागदावर लिहिलं, पांढरी सहा. लिहिलं आणि पेन्सिल तशीच धरून बसल्या.

त्या उठून स्वतःच्या पेटीशी गेल्या. काळ्या पट्ट्यांतली चौथी, तिला काळी चार म्हणतात. तिच्या लगेच उजव्या हाताची पांढरी, ती पांढरी सहा. एका पट्टीचा फरक. बाईंनी काळी चार दाबली, जुळली नाही. पांढरी सहा दाबली, सीडीतल्या पेटीशी तंतोतंत जुळली. गाणारी काळी चार मागते, वाजवणारा काळी चारच देतो, आणि ऐकणाऱ्याला पांढरी सहा ऐकू येते. याचा अर्थ तबकडी हवी त्यापेक्षा वेगाने फिरत होती. वेग वाढला की स्वरही चढतो, हे त्यांनी स्वतः कितीतरी नवशिक्यांना समजावून सांगितलं होतं.

“पेटीच चढी असेल त्यांची,” घड्याळजी म्हणाले. “जुन्या पेट्या कुठे सारख्या असायच्या?”

बाईंना क्षणभर इतकं हायसं वाटलं की त्यांचा त्यांनाच राग आला. “असेलही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ऐका जरा.”

घड्याळजींनी हेडफोन चढवले. गाण्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्यामुळे ते गाण्याखालचं ऐकत होते. दहाएक सेकंदांनी त्यांनी हात वर केला. “खोलीत घड्याळ आहे,” ते म्हणाले. “लांब लंबकाचं. ऐकू येतंय मला.”

असणारच. तेव्हा तबकडीवर तीन मिनिटांत सगळं आटपावं लागे, म्हणून गाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवर घड्याळ टांगलेलं असे. घड्याळजींनी स्टॉपवॉच काढलं. गाणं सुरू होण्याआधीच्या चाळीस सेकंदांत त्यांनी ठोके मोजले. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“बेचाळीस,” ते म्हणाले. “चाळीस सेकंदांत बेचाळीस ठोके.”

“बिघडलेलं असेल.”

“बिघडलेलं घड्याळ दिवसाला पाच मिनिटं पुढे जातं, दहा जातं. हे दिवसाला सव्वा तास पुढे चाललंय. असलं घड्याळ कामाच्या जागी कोण टांगेल? पेटी चढी असू शकते, माझे आई. लांब लंबक सेकंदाला एक ठोका देतो, त्याला दुसरं काही येतच नाही.” त्यांनी कागदावर गणित केलं. “तेव्हा तबकडीवर गाणं कोरणाऱ्या यंत्राचा वेग चौऱ्याहत्तरच्या आसपास होता. आपण अठ्ठ्याहत्तरवर वाजवतोय. कंपनीनेही तेच केलंय.”

“पण आपलं यंत्र तर बिनचूक आहे.”

“बिनचूकच आहे,” घड्याळजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. “तीच तर भानगड झाली.”

बाई खुर्चीत बसून राहिल्या. थोरल्या बाईंच्या तानेचा वेग गेला तर गेला, त्याचं त्यांना एवढं नव्हतं. त्यांना आठवत होतं सव्वीस वर्षांपूर्वीचं एक पत्र.

थोरल्या बाईंची एक शिष्या होती. लोक तिला धाकट्या बाई म्हणत. अकरा वर्षं गुरूच्या घरी राहून शिकलेली, कार्यक्रमांत मागे बसून तंबोरा धरणारी. तिने पंचेचाळिशीत आपली पहिली सीडी काढली आणि त्यात गुरूचीच एक द्रुत बंदिश गायली. कात्रीबाईंनी गुरूची तबकडी शेजारी लावली, घड्याळजींनी दोन्ही मोजल्या, आणि परीक्षणात छापून आलं: ‘गुरूची तान पुढे धावते, शिष्या दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मागून येते. स्वरही एका पट्टीने खाली. उतरत्या वयाची ही उतरती गायकी.’ यावर धाकट्या बाईंनी संपादकांना चार ओळींचं पत्र लिहिलं. ‘थोरल्या बाई काळी चारमध्ये गात. अकरा वर्षं रोज पहाटे त्यांचा तंबोरा मी लावला आहे. ती तबकडी घाईत फिरते. कृपया तपासावे.’ मासिकाने पत्र छापलं आणि खाली कात्रीबाईंचं उत्तर छापलं. ‘तपासलं. आमचं यंत्र मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेतं, हे एका घड्याळजीने मोजून पाहिलं आहे. ज्यांना गाठता येत नाही त्यांनी पुढच्याला थांबायला सांगू नये.’

वाचक खूश झाले होते. कितीतरी दिवस लोक ते वाक्य एकमेकांना ऐकवत होते. धाकट्या बाईंची दुसरी सीडी कधी निघाली नाही. ज्या कंपनीने काढायचं कबूल केलं होतं तिने ते परीक्षण वाचून अंग काढून घेतलं, आणि हे कात्रीबाईंना तेव्हाही माहीत होतं. माहीत असून त्यांना वाईट वाटलं नव्हतं, उलट आपल्या शब्दाला वजन आहे याचं समाधानच वाटलं होतं. 

घड्याळजींनी ब्लेड आणून खुंटीवरचं नेलपॉलिश खरवडलं. वेग चौऱ्याहत्तरवर आणला आणि त्या बंदिशीची जुनी तबकडी लावली. आवाज खाली आला आणि रुंद झाला. इतकी वर्षं जी पोरगी गात होती तिच्या जागी चाळिशीची बाई आली. तान आता वीज नव्हती. प्रत्येक स्वराला टेकायला जागा मिळत होती, आणि तो टेकून मगच पुढे जात होता. कात्रीबाईंना कबूल करावं लागलं की गाणं पूर्वीपेक्षा चांगलं झालं आहे. आणि हे गाणं त्यांनी आधी ऐकलेलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, धाकटीच्या गळ्यातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संपादकाला फोन लावला. संपादक तरुण. त्याचे वडील मासिक चालवत तेव्हा हा शाळेच्या दप्तरासकट कचेरीत येऊन बसायचा. तेव्हापासून तो बाईंना काकू म्हणत होता. बाईंनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, कंपनीला विचारून तासाभराने फोन करतो. दोन तासांनी केला.

“काकू, मी त्यांच्या ध्वनियंत्रज्ञाशी बोललो. तो म्हणतो, त्यालाही शंका आली होती.”

“मग?”

“मग त्याने पुस्तिकेतला तुमचा लेख वाचला. त्यात तुम्ही स्वच्छ लिहिलंय की वेग अठ्ठ्याहत्तर, तपासून पाहिलेला. तो म्हणाला, बाईंनी लिहिलंय म्हटल्यावर मी कोण?”

कात्रीबाईंना दुपारचं जेवण कडू लागलं ते याच वाक्याने. पण फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, “मी लिहून पाठवते. खोक्याचं परीक्षण, आणि माझ्या चुकीचं.”

“काकू, जरा समजून घ्या. विशेषांक आहे. मुखपृष्ठावर तुमचं तेच वाक्य आहे. असं करू, ‘काही जाणकारांच्या मते वेगाबाबत पुनर्विचार व्हावा’, एवढं एक वाक्य टाकू.”

“काही जाणकार कोण? मी आणि माझा नवरा. आमची नावं घालायला कसली लाज?”

“तुमचं नाव जाईल हो. चाळीस वर्षांचं नाव आहे.”

“माझंच आहे ना? मग मी घालवीन. तुझ्या वडिलांनी मला सदर दिलं तेव्हा म्हणाले होते, कुणाचीही भीड ठेवू नका. त्यात मी नाही आले होय? मला वगळून बाकीच्यांना कापायची ही कुठली कात्री?”

“छापता येईल असं मला नाही वाटत.”

“तू नाही छापलंस तर दैनिकवाले छापतील. ते तर टपूनच बसलेत,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. जिवाला बरं वाटत होतं. घड्याळजींनी चहा पुढे केला.

धाकट्या बाईंचा पत्ता शोधायला दोन फोन पुरले. त्या गावातच होत्या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत गाणं शिकवत. जिना उभा होता आणि कठडा डुगडुगता. कात्रीबाई दर वळणावर थांबत वर गेल्या. खोलीत एक खुर्ची, एक सतरंजी, भिंतीला टेकवलेले दोन तंबोरे. एकाहत्तर वर्षांची, पांढऱ्या आखूड केसांची एक काटक बाई तंबोऱ्याची तुटलेली तार काढत बसली होती. तिने मान वर केली आणि ओळखलं. मासिकात फोटो यायचा, न ओळखायला काय झालं?

“या, कात्रीबाई,” धाकट्या बाई म्हणाल्या. “बसा. खुर्ची एकच आहे आणि ती माझी आहे.”

कात्रीबाई गुडघे धरत सतरंजीवर बसल्या. “माझं चुकलं,” त्यांनी सरळ सुरुवात केली. “थोरल्या बाई काळी चारमध्येच गायच्या. तबकडी घाईत फिरते.”

“मला माहीत आहे. मला सव्वीस वर्षांपासून माहीत आहे. तुम्हाला कधी कळलं?”

“परवा.”

“मग तुम्हाला अजून सवय व्हायची आहे,” धाकट्या बाई म्हणाल्या आणि तार गुंडाळायला लागल्या.

कात्रीबाईंना मनातून रागच आला. एवढे जिने चढून आपण आलो, माफी मागायला आलो, आणि वर बोलणी खातोय. पण राग येण्याचा हक्क आज आपला नाही हेही त्यांना कळत होतं. “मी तसं लिहिणार आहे,” त्या म्हणाल्या. “जाहीर. तुमची माफी मागणार आहे.”

“ती ठेवा तुमच्याजवळ. माफीचं मी काय करू, तंबोऱ्याला गवसणी शिवू तिची?” धाकट्या बाईंनी तार बाजूला ठेवली. “तुम्ही माझी सीडी ऐकलीच नाहीत, बाई. तुम्ही एका हातात थोरल्या बाईंची तबकडी धरलीत आणि दुसऱ्या हातात घड्याळ. मी कुठे आहे त्यात? एक बाई पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत दुसरीच्या मागे बसते, मग एकदाची पुढे बसून गाते, आणि तुम्ही ती किती सेकंदांत गायली ते छापता.”

“काय करू मग?”

“परीक्षण करा. माझ्या सीडीचं. ती आज निघाली असं समजून. आणि छापायच्या आधी इथे येऊन मला वाचून दाखवा, कारण मागचं मी वाचनालयात उभ्याने वाचलं होतं, चार माणसं माझ्याकडे बघत होती. आणि एक सांगून ठेवते. दया दाखवलीत तर याच जिन्यावरून खाली पाठवीन.”

“दया मला येत नाही,” कात्रीबाई म्हणाल्या. “कुणालाही विचारा.”

“विचारायची गरज नाही,” धाकट्या बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

ती सीडी कात्रीबाईंच्या कपाटात होती. त्या काहीच टाकून देत नसत. पहिल्यांदा ऐकताना त्यांनी टॉवेल घेतले, आणि दुसऱ्या मिनिटाला टॉवेल हातात तसाच राहिला. दुसऱ्यांदा पेन्सिल. कोपऱ्यात लिहिलं, काळी चार. तिसऱ्या वेळी घड्याळजी स्टॉपवॉच घेऊन आले, तर बाई म्हणाल्या, “आज नको. आज नुसते बसा.” ते बसले. गाणं संपल्यावर म्हणाले, “ही बाई घाईत नाहीये.” बाईंनी ते वाक्य त्यांचं नाव घालून जसंच्या तसं लेखात घेतलं.

लेख लिहायला चार दिवस लागले. माफी त्यांनी पाच ओळींत आटपली, कारण धाकट्या बाईंनी तेवढीही मागितली नव्हती. घड्याळाचे ठोके, काळी चार, नेलपॉलिशचा थेंब, आपलं ते मस्तवाल उत्तर, सगळं सांगून टाकलं. मग खोक्याबद्दल: या सीडी थोरल्या बाईंच्या नव्हेत, घाईत असलेल्या कुणा दुसरीच्या आहेत, कंपनीने त्या नव्याने कराव्यात. मग धाकट्या बाईंची सीडी. तिच्यावर त्यांनी तीन पानं लिहिली, आणि लिहिताना एक गोष्ट टोचत होती ती शेवटी लिहिलीच.

घड्याळजींनी वाचलं. “हे शेवटचं कशाला गं?” ते म्हणाले. “एवढं सगळं झाल्यावर?”

“आहे म्हणून.”

त्यांनी एक प्रत संपादकाला पाठवली आणि दुसरी घेऊन जिना चढल्या. धाकट्या बाई खुर्चीत बसल्या, कात्रीबाई सतरंजीवर. वाचायला पंधरा मिनिटं लागली. माफीच्या ओळींना धाकट्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. स्वतःच्या गाण्याची पानं सुरू झाली तशी त्यांनी मान वळवली. तानेत प्रत्येक स्वर आपलं वजन घेऊन येतो, असं लिहिलं होतं. विलंबितात एक जागा अशी आहे की ती थोरल्या बाईंच्या एकाही तबकडीत नाही, ती या गाणारीची स्वतःची आहे, असं लिहिलं होतं. त्यावर धाकट्या बाईंनी डोळे पुसले आणि पुसताना चिडल्यासारखा चेहरा केला.

शेवटचा परिच्छेद आला. कात्रीबाईंनी आवाज बदलला नाही. “‘द्रुत बंदिशीच्या अंतऱ्यात तार षड्ज लागतो, पण टिकत नाही. श्वास संपतो, आणि संपल्याचं कळू नये म्हणून तिथे स्वर झटकन वळवून एक मुरकी घेतली आहे. मुरकी सुबक आहे. पण थोरल्या बाईंनी श्वास संपला असता तर संपू दिला असता, झाकला नसता. एवढी एक जागा या ध्वनिमुद्रणात खोटी आहे.’”

 खाली वाचनालयात कुणीतरी खुर्ची ओढली.

“ती मुरकी तुम्हाला कळली?” धाकट्या बाईंनी विचारलं.

“दुसऱ्यांदा ऐकताना.”

“सव्वीस वर्षांत कुणाला कळली नाही. ज्यांनी कौतुक केलं त्यांनाही नाही.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “अंगात ताप होता त्या दिवशी. सणसणून.”

“तसं लिहू का?”

“अजिबात नाही. ऐकणाऱ्याला कुठे ताप होता?”

तेवढ्यात कात्रीबाईंच्या पिशवीत मोबाइल वाजला. संपादक होता. बाईंना कानाशी धरून नीट ऐकू येत नसे, म्हणून त्यांनी स्पीकर चालू केला.

“काकू, वाचला लेख. छापतोय,” तो एका दमात म्हणाला. “कंपनीशीही बोललो. ते म्हणतात, वाद होऊ दे, आम्ही खऱ्या वेगाचं नवं खोकं काढतो. मुखपृष्ठ बदलतोय. तुमची चूक, धाकट्या बाईंना उशिरा मिळालेला न्याय, लोक रडतील हो. फक्त एक. तो मुरकीचा शेवटचा परिच्छेद तेवढा गाळू. सगळं छान जमून आलंय आणि शेवटी त्या बिचारीवर पुन्हा कात्री कशाला?”

“गाळणार नाही,” कात्रीबाई म्हणाल्या. “तो गाळलास तर वरचं कौतुकही खोटं पडेल. मग लोक म्हणतील, म्हातारीला पश्चात्ताप झाला म्हणून गोड लिहिलं.”

“अहो, पण त्यांना काय वाटेल याचा तरी विचार करा. सव्वीस वर्षं सोसलंय त्यांनी. या वयात...”

धाकट्या बाई खुर्चीतून उठल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि कात्रीबाईंनी मोबाइल त्या हातात दिला.

“नमस्कार,” त्या म्हणाल्या. “मी ती बिचारी बोलतेय.”

त्यांनी मोबाइल तोंडासमोर धरला.

“तुमच्या मासिकाने सव्वीस वर्षं माझ्या नावावर एक खोटा दोष ठेवला. मी तो घेऊन याच रस्त्याने रोज ये-जा केली, कुणाकडे रडत गेले नाही. आता खरा सापडलाय. तो माझा आहे, मी केलेला आहे, आणि तो शोधायला कुणीतरी माझं गाणं शेवटपर्यंत ऐकलंय. त्या परिच्छेदाला हात लावायचा नाही. कळलं का?”

“हो,” संपादक म्हणाला. आणि जरा थांबून म्हणाला, “हो, बाई.”

धाकट्या बाईंनी मोबाइल परत दिला, खुर्चीत बसल्या आणि पदर सारखा केला. त्यांचा श्वास जोरात चालला होता.

“आता ते मुरकीचं पुन्हा एकदा वाचा,” त्या म्हणाल्या.

कात्रीबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि वाचायला सुरुवात केली.